एका माणसाचे दोन आजार, दार मात्र एकच

कागल तालुक्यातल्या एखाद्या घरात कर्त्या माणसाची दारू सुटत नसेल, तर त्या घराची धावपळ साधारण ठरलेली असते. आधी देवापुढे शपथ, मग गळ्यात माळ, मग कुणीतरी आणून दिलेली, चहात गुपचूप घालायची पूड. त्यानेही जमले नाही की कोल्हापूर. पण कधी कधी दारू बंद होऊनही माणूस ठिकाणावर येत नाही. रात्र रात्र जागतो, कुणी नसताना बोलतो, घरच्यांवर संशय घेतो, नाहीतर महिनाभर अंथरुणाला खिळून राहतो. मग घरच्यांना दोन दारांमध्ये हेलपाटे घालावे लागतात. मनाच्या डॉक्टरांकडे गेले तर आधी व्यसन सोडवून आणायला सांगतात. व्यसनमुक्ती केंद्रात गेले तर आधी डोके ताळ्यावर आणायला सांगतात. माणूस एकच असतो, पण त्याला अर्धा अर्धा करून बघितले जाते.

कागलवरून जाणारा महामार्ग पुण्यात पोचतो. त्याच पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, २९ ऑगस्ट १९८६ रोजी एक व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याचे नाव मुक्तांगण. मनोरुग्णालयाच्याच कुंपणात व्यसनाचा उपचार ही गोष्ट तेव्हा अनेकांना विचित्र वाटली असेल. आज मागे वळून पाहिले, तर त्या जागेतच एक मोठा वैद्यकीय विचार होता. तो विचार प्रत्यक्षात आणणाऱ्या डॉक्टर होत्या डॉ. अनिता अवचट.

पगाराची नोकरी आणि मनोरुग्णांचे वॉर्ड

त्यांचे मूळ नाव सुनंदा. पुढे सगळे त्यांना अनिता म्हणूनच ओळखू लागले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना त्यांची आणि ओतूरहून आलेल्या अनिल अवचट यांची ओळख झाली. दोघे डॉक्टर झाले आणि त्यांनी लग्न केले. त्यानंतर मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अनिल अवचट यांचे मन दवाखान्यात रमेना. त्यांना हमालांमध्ये, भटक्यांमध्ये, कष्टकऱ्यांच्या वस्त्यांमध्ये फिरायचे होते आणि जे दिसेल ते लिहायचे होते. त्या काळात डॉक्टर नवऱ्याने डॉक्टरकी सोडणे म्हणजे घरात वादळच. अनिताताईंनी ते वादळ होऊ दिले नाही. घर चालवायची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या पगारावर घेतली आणि नवऱ्याला त्याच्या कामासाठी मोकळे सोडले. मुक्ता आणि यशोदा या दोन मुली त्या साध्या, काटकसरीच्या घरात वाढल्या.

अनिताताईंनी मानसोपचार हा विषय निवडला आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम केले. हे रुग्णालय देशातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. महाराष्ट्रात अशी प्रादेशिक मनोरुग्णालये चारच आहेत, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. सत्तर-ऐंशीच्या दशकात तिथे येणारा रुग्ण बहुधा आजार फार पुढे गेल्यावर यायचा. काहींना पोलीस आणायचे, काहींना नातेवाईक सोडून जायचे आणि पत्ता बदलून टाकायचे. बरे झालेल्या माणसालाही न्यायला कुणी येत नसे. अशा ठिकाणी काम करणारा डॉक्टर दोनपैकी एका मार्गाने जातो. एक तर तो कोरडा होतो, नाहीतर माणसाकडे बघायची त्याची नजर कायमची बदलते. अनिताताईंचे दुसरे झाले. लोक ज्यांना वेडे म्हणून हसतात किंवा घाबरतात, त्यांच्याशी त्या घरच्या माणसासारख्या बोलत.

मुक्तांगणच्या पुढच्या साऱ्या कामाची मुळे या वॉर्डांमध्ये आहेत. मानसोपचाराच्या वॉर्डात काम करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. आजार अंगात शिरताना वेगवेगळ्या रांगेत उभे राहत नाहीत. भास होणाऱ्या मुलाच्या खिशात गांजा सापडतो. दारू पिऊन भांडणाऱ्या माणसाच्या मागे वर्षानुवर्षांचे नैराश्य असते. आणि ज्याला घरच्यांनी वेडा म्हणून आणले, त्याची दारू दोन दिवसांपूर्वी अचानक बंद झालेली असते, बाकी काही नसते.

गर्द

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांमध्ये एक नवे व्यसन आले. ब्राऊन शुगर. मराठीत त्याला गर्द म्हणू लागले. हे अशुद्ध हेरॉईन. चांदीच्या कागदावर ठेवून खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा. सुई नको, फार पैसे नकोत, सुरुवातीला तर मित्रच फुकट देत. काही आठवड्यांतच शरीर त्याला बांधले जाई. मग गर्द मिळाले नाही की नाकाडोळ्यांतून पाणी, हाडे मोडल्यासारखे दुखणे, उलट्या, जुलाब, झोपेचे खोबरे. व्यसनी मुलांच्या भाषेत या अवस्थेला टर्की म्हणतात. ती टाळण्यासाठी चांगल्या घरातली मुले घरातली भांडी विकू लागली, चोऱ्या करू लागली. १९८५ मध्ये केंद्र सरकारने अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा केला, पण पकडलेल्या मुलाचे पुढे काय करायचे, याचे उत्तर फार थोड्यांकडे होते.

अनिल अवचट यांनी या विषयाचा शोध घेतला आणि वृत्तपत्रातून लेखमाला लिहिली. पुढे त्याचे पुस्तकही झाले. ते लेख पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी वाचले आणि ते अस्वस्थ झाले. केवळ हळहळून न थांबता त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपये देऊ केले आणि या मुलांसाठी केंद्र काढायला सुचवले. पैसे होते, तळमळ होती. पण केंद्र चालवायचे तर रोज रुग्ण तपासणारा, औषधे ठरवणारा, रात्री-अपरात्री धावणारा डॉक्टर हवा. ती जबाबदारी अनिताताईंकडे आली. जागा मनोरुग्णालयाच्या आवारातली मिळाली आणि काम सुरू झाले.

आधी शरीर, मग मन, मग घर

मुक्तांगणात अनिताताईंनी जी पद्धत बसवली, तिच्याकडे वैद्यकीय नजरेने पाहण्यासारखे आहे.

पहिली पायरी शरीराची. गर्दची टर्की भयंकर वेदना देते, पण धडधाकट माणसाचा जीव सहसा घेत नाही. दारूचे उलटे असते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, हातपाय थरथरतात, माणूस भ्रमात जातो, अंगावर किडे दिसतात, कुणी मारायला येते आहे असे वाटते. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर मृत्यूही येऊ शकतो. घरात कोंडून दारू सोडवणे म्हणूनच धोक्याचे आहे. शिवाय फार पिणाऱ्यांच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, कमतरता असते. ती वेळेवर भरून काढली नाही, तर मेंदूला कायमची इजा होऊन स्मरणशक्ती जाते. साधे, स्वस्त जीवनसत्त्व, पण ते कधी द्यायचे हे माहीत असावे लागते.

दुसरी पायरी ओळखण्याची, आणि इथे मानसोपचारतज्ज्ञाचे काम सुरू होते. नशा उतरल्यावर दिसणारे भास आणि नैराश्य हे नशेमुळे आले आहेत की ते आधीपासूनचे आहेत? पहिल्या आठवड्यात दोन्ही अगदी सारखे दिसतात. दारूमुळे आलेली उदासी बहुतेकांमध्ये दारू बंद झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत ओसरते. जी ओसरत नाही, तिच्यासाठी वेगळे औषध लागते. मुक्तांगणातला मुक्काम पाच आठवड्यांचा असतो. एवढ्या दिवसांत शरीर स्थिरावते आणि खाली काय दडले आहे ते वर येते. घाई करून पहिल्याच दिवशी वेडाचा शिक्का मारला तरी चूक होते आणि सगळे दारूमुळेच आहे म्हणून सोडून दिले तरी चूक होते.

तिसरी पायरी माणसाला माणसात आणण्याची. व्यायाम, योगासने, प्रार्थना, गटात बसून बोलणे, संगीत, आवारातली कामे वाटून घेणे. वरवर पाहता यात औषध काही नाही. पण व्यसनी माणसाचा दिवस नशेभोवती बांधलेला असतो. नशा काढून घेतली की दिवसाला मोठे भोक पडते. ते भोक भरले नाही, तर तो त्यातूनच परत खाली जातो.

या तिन्ही पायऱ्यांवर अनिताताईंचा एक नियम कायम होता. रुग्णाला कमी लेखायचे नाही. व्यसनी माणूस घरात, गावात, पोलीस चौकीत रोज अपमान झेलून आलेला असतो. आणखी एक अपमान त्याला सुधारत नाही. त्यांनी त्याला गुन्हेगार न मानता आजारी मानले. मारहाण नाही, साखळदंड नाहीत. बरे झालेल्यांपैकी काही जण तिथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक म्हणून राहिले. नव्याने आलेल्या, थरथरणाऱ्या मुलाजवळ बसलेला माणूस काही वर्षांपूर्वी त्याच खाटेवर थरथरत होता, हे त्या मुलाला कळले की डॉक्टरांच्या शंभर शब्दांचे काम होते.

आणि चौथी पायरी घराची. दारुड्याच्या बायकोला त्या काळात विचारतच कोण होते? मार खायचा तिने, कर्ज फेडायचे तिने आणि नवरा सुधारला नाही तर दोषही तिचाच. मुक्तांगणाने तिलाही उपचारात घेतले. पत्नींसाठीच्या गटाला सहचरी हे नाव आहे. सततच्या भीतीत राहणाऱ्या या बायकांना स्वतःचे नैराश्य असते, झोपेचे आजार असतात. त्या सावरल्या तर घर सावरते आणि घर सावरले तर रुग्णाला परत पडायच्या वाटा कमी होतात.

गर्दसाठी सुरू झालेल्या या केंद्रात पुढे दारूचे रुग्ण अधिक येऊ लागले. महाराष्ट्राच्या गावागावांतून, शेतकरी, कामगार, शिक्षक, पोलीस, डॉक्टरसुद्धा.

जगातही तेच उमगत होते

पुण्यात हे काम उभे राहत होते, त्याच वर्षांत जगातले मानसोपचारतज्ज्ञही याच प्रश्नाशी झुंजत होते. १९८५ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर एडवर्ड खँट्झियन यांनी एक मांडणी केली. माणूस कुठलीही नशा उगाच निवडत नाही, तर आतल्या असह्य भावनेवर तो स्वतःच्या हाताने औषध घेत असतो, असा तिचा गाभा. ती सगळ्या रुग्णांना लागू पडत नाही, पण तिच्यामुळे डॉक्टर व्यसनाच्या मागे काय आहे ते शोधू लागले. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या सुमारे ४५ हजार सैनिकभरतीच्या तरुणांचा १५ वर्षांचा मागोवा प्रसिद्ध झाला. ज्यांनी तरुणपणी खूप वेळा गांजा ओढला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक आढळले. १९९० मध्ये अमेरिकेतल्या २० हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. स्किझोफ्रेनिया झालेल्यांपैकी ४७ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी व्यसनाचा आजार झालेला होता.

म्हणजे दोन्ही आजार एकत्र असणे हा अपवाद नाही. जवळपास निम्म्या रुग्णांची ती नेहमीचीच गोष्ट आहे. तरीही दवाखाने वेगळे, डॉक्टर वेगळे, कागद वेगळे. एका आजाराचा उपचार झाला की दुसरा त्याला ओढून खाली आणायचा. भास थांबवणारी गोळी चालू असताना माणूस पीत राहिला तर गोळीचा उपयोग होत नाही. दारू सुटली पण नैराश्य तसेच राहिले, तर पहिल्याच वाईट रात्री बाटली हातात येते. म्हणून दोन्ही उपचार एकाच वेळी, एकाच चमूने, एकाच ठिकाणी द्यावेत, हा विचार नव्वदच्या दशकात जगभर रुजत गेला. भारतात कायद्याने तो मान्य व्हायला आणखी वेळ लागला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था घेतल्या.

स्वतःचा आजार

नव्वदच्या दशकात अनिताताई स्वतःच रुग्ण झाल्या. त्यांना स्तनाचा कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया, औषधांचे त्रास, मधेच बरे वाटणे, पुन्हा आजार उलटणे, हे सगळे काही वर्षे चालले. या काळातही मुक्तांगण त्यांच्या आयुष्याच्या मध्यभागी राहिले. व्यसनी माणसाला रोज एकेक दिवस नशेशिवाय काढायला शिकवतात. वर्षाचा विचार करायचा नाही, आजचा दिवस नीट काढायचा. हीच शिस्त त्या आपल्या आजारातही पाळत असाव्यात असे त्यांच्या जगण्याकडे पाहून वाटते. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

मुक्तांगणासारख्या संस्था बहुतेकदा एका व्यक्तीच्या मायेवर उभ्या असतात आणि ती व्यक्ती गेली की कोसळतात. इथे तसे झाले नाही. मानसशास्त्र शिकलेल्या त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेले. अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले, तोवर तेही रुग्णांमध्ये रमत राहिले. मुक्तांगण पुढे येरवड्यातच स्वतःच्या इमारतीत गेले आणि स्त्री रुग्णांसाठी निशिगंध हा विभागही सुरू झाला. अनिताताईंच्या स्मृतिदिनी संघर्ष करणाऱ्या माणसांचा सन्मान केला जातो.

आपल्या घरासाठी

त्यांच्या कामातून कागलसारख्या गावातल्या घरांनी घ्यावे असे बरेच आहे. भारतात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या आजाराच्या १०० पैकी ८६ रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले. ज्यांना मिळतो, त्यांनाही अर्धाच मिळाला तर तो टिकत नाही.

चहातून, भाजीतून गुपचूप द्यायच्या पुड्या आणि गोळ्या आधी बंद कराव्यात. त्यांत अनेकदा डायसल्फिराम हे औषध असते. ते पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळतो, छाती धडधडते, जीवही जाऊ शकतो. काहींना या औषधाने भास होऊ लागतात, म्हणजे मनाचा आजार असलेल्याचा आजार वाढतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीनेच ते द्यायचे असते.

रोज पिणाऱ्याची दारू घरी एकदम तोडू नये. पूर्वी झटके आलेले असतील, थरथर फार असेल, तर आधी रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. पिण्याची लाज वाटते म्हणून नुसती झोप नाही सांगायचे, किंवा भास होतात हे लपवून नुसती दारू सांगायची, याने उपचार चुकतो. दारू सुरू होण्याआधी माणूस कसा होता, आणि मधे काही महिने दारू बंद होती तेव्हा कसा होता, या दोन प्रश्नांची उत्तरे घरच्यांकडेच असतात. निदानासाठी ती अतिशय मोलाची आहेत.

व्यसनमुक्ती केंद्र निवडताना तिथे मानसोपचारतज्ज्ञ नियमित येतात का, मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू ठेवतात की बंद करतात, घरच्यांना भेटू देतात का, मारहाण किंवा कोंडून ठेवणे होते का, हे विचारावे. उत्तरे नीट मिळत नसतील तर तिथे रुग्ण ठेवू नये.

केंद्रातून परतलेला माणूस पुन्हा घसरला तर उपचार फुकट गेला असे समजू नये. मधुमेहात साखर पुन्हा वाढते, तसेच हे आहे. मात्र गर्दसारख्या नशेत एक धोका लक्षात ठेवावा. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. जुन्याच मापाने घेतले तर श्वास थांबू शकतो.

सुरुवात कुठून करायची हे सुचत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा चोवीस तास आहे, तिथे मराठीतही बोलता येते. कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढताना कोणत्या खिडकीवर उभे राहायचे, मनाच्या की व्यसनाच्या, असा प्रश्न पडला तर मानसोपचारच सांगावे. दारू आणि मन दोन्हींबद्दल त्याच टेबलावर बोलायचे आहे.